उलटा पूल

बारा बाय अठराचा प्रिंट आहे. कशेळीची खाडी, पहाटेची भरती, जुन्या आग्रा रोडवरचा पूल आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब. फोटो काढणारा मुलगा काल्हेरच्या एका गोदामात नोकरीला आहे. पाळी सुरू होण्याआधीचा तास तो खाडीवर घालवतो. हा याच फोटोचा तिसरा प्रिंट. आधीच्या दोन प्रिंटांवर ठाण्यातले एक निवृत्त डार्करूमवाले काका बोलले, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. त्यामुळे हा फोटो मला त्यांच्या बोलण्यासकटच दिसतो.

आधी पूल पाहा, मग पाणी. वरच्या पुलाची फक्त बाजू दिसते: कठडा, स्लॅबची कड, दिव्याचे खांब. पाण्यातल्या पुलाचं मात्र पोट दिसतं. खालच्या तुळया, त्यांच्यातले अंधारे खण, सांध्यातून ओघळलेल्या पाण्याचे डाग. प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल, असं आपण धरून चालतो. तसं ते नसतं. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याच्या खाली एक डोळा आहे असं समजा. त्या डोळ्याला दिसेल ते पाणी दाखवतं. मुलानं हा फोटो गोदामामागच्या लोखंडी जिन्यावरून, जवळजवळ पुलाच्या उंचीवरून काढलाय. म्हणून दोन पुलांत एवढा फरक पडला. पाण्याचे फोटो काढणाऱ्याला बहुतेक जण सांगतात, खाली बस, कॅमेरा पाण्याला टेकव. काका पहिला प्रिंट बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “खाली उतरू नकोस हं. तुझा फोटो त्या जिन्यावरच आहे.” चूक काढायच्या आधी त्यांनी फोटोतलं धन दाखवलं. ते मुलाला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

उंचीची किंमत मोजावी लागतेच. तिरप्या नजरेला पाणी आरसा असतं. सरळ वरून पाहिलं तर जेमतेम 2 टक्के उजेड परत येतो, बाकीचं दिसतं ते पाण्याचं स्वतःचं अंग. कशेळीच्या पाण्याचं अंग गाळाचं. म्हणून पुलाखालची वरची सावली काळी आणि पाण्यातली तीच सावली चहाच्या रंगाची. दुसऱ्या प्रिंटमध्ये मुलानं सॉफ्टवेअरवर दोन्ही काळ्या करून टाकल्या होत्या, वर पाणी आभाळाइतकं उजळलं होतं. काकांनी बोट ठेवलं. “आभाळातला उजेड पाण्यात पडतो, थोडा पाण्यातच राहतो. मग पाणी आभाळाइतकं कसं उजळेल? आणि हा काळा खाडीचा नाही रे.” तिसऱ्या प्रिंटमध्ये गढूळपणा परत आलाय. सावलीतला तो तपकिरी रंग फार देखणा आहे. त्याच्यामुळे पाण्याला खोली आली, आणि ही खाडी दुसऱ्या कुठली न वाटता उल्हास नदीचीच वाटते.

आता वेळ. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी काही मिनिटं थबकतं, तेव्हाच असं प्रतिबिंब मिळतं. ते थबकणं उजाडतानाच यायला हवं. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कशेळी समुद्रापासून आत असल्यामुळे इथे पाणी थोडं उशिरा चढतं, पण हिशेब तोच. म्हणजे पहाटेची भरती पंधरवड्यातून एकदा, अष्टमीच्या आसपास, आणि ती नेहमी भांगाची. उधाणासारखी काठोकाठ नव्हे. म्हणूनच फोटोत डावीकडे तिवरांच्या मुळाशी चिखलाची अरुंद पट्टी उघडी राहिली आहे. ती पट्टी पाहिली की जाणकाराला तिथी सांगता यावी!

त्याच पट्टीवर थांबा. पहिल्या पाहण्यात तिथे काही दिसत नाही. मग चिखलाच्याच रंगाचा एक वंचक दिसतो, मान आखडून, चोच पाण्याच्या रोखानं. मुलानं पट्टी कापायचं ठरवलं होतं. कडेला पाइप येतो म्हणून. काकांनी भिंग दिलं. “पाइप राहू दे. पाहुणा बसलाय.” पक्षी दगडासारखा स्थिर, म्हणून पाव सेकंदाचं एक्स्पोजर चालून गेलं. ठाण्याच्या बाजूला झुळकीनं उठलेल्या लाटा त्या पाव सेकंदात रेशमासारख्या झाल्या, आणि वंचकाच्या गळ्यावरच्या रेघा मात्र मोजाव्यात इतक्या स्पष्ट. जिना हलतो, म्हणून मुलानं कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून त्यात कॅमेरा रुतवला होता. ही युक्ती त्याची स्वतःची.

एक गोष्ट अजून खटकते. मेट्रोच्या नव्या बांधकामाचा एक खांब उजव्या कडेला अर्धाच आलाय; तो पुरता हवा किंवा नकोच. काकांनी तेही सांगितलं, पण सगळ्यात शेवटी, आणि मुलानं पुढच्या अष्टमीची तारीख लगेच मोबाइलमध्ये टाकली.

निघताना काकांनी प्रिंट उलटा धरला. पाण्यातला पूल सरळ झाला. मधल्या गाळ्यात, दोन तुळयांच्या मध्ये, अंग चोरून बसलेली पाच कबुतरं दिसली. वरच्या पुलावर ती कुठेच नाहीत.