‘आमूर’: न दिलेलं वचन

‘आमूर’ म्हणजे फ्रेंचमध्ये प्रेम. मिखाएल हानेके यांच्या या चित्रपटाला २०१२ साली कानला ‘पाम दॉर’ मिळालं. जॉर्ज आणि आन, पॅरिसमधलं ऐंशीच्या घरातलं जोडपं, दोघंही निवृत्त संगीतशिक्षक. आनची मानेतल्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया फसते, उजवी बाजू लुळी पडते. घरी आल्या आल्या ती नवऱ्याला म्हणते, वचन दे, मला परत हॉस्पिटलात न्यायचं नाही. आणि गंमत बघा, त्याला ती पुढे बोलूच देत नाही.

या चित्रपटाकडे निष्ठेची कहाणी म्हणून बघता येतं. आम्हाला ते अपुरं वाटतं. जॉर्ज ‘हो’ न म्हणताच त्या वचनात अडकतो, आणि हळूहळू घराचं दार लावून घेतो. इमारतीची देखभाल करणाऱ्या बाईचा नवरा येतो, तुमचं कौतुक वाटतं म्हणतो. पण कौतुकानं रात्रीची झोप थोडीच भरून निघते! मुलगी काळजीनं येते, तर जॉर्ज तिला सांगतो की तुझी काळजी माझ्या काही कामाची नाही. हे वाक्य कडू आहे, पण खोटं नाही. लांबून काळजी करणारी पोरं आपल्याकडेही घरोघरी आहेत.

आन पाणी प्यायला तयार नसते. जॉर्ज विनवतो, ती पाणी थुंकते, आणि तो तिला थोबाडीत मारतो. मग लगेच माफी मागतो. आमच्या मते सगळ्यात खरा प्रसंग हाच. वर्षानुवर्षं आजाऱ्याचं करणाऱ्यांना तो राग ओळखीचा असतो, फक्त तो कुणी बोलून दाखवत नाही. जॉर्जला आपण इथे माफ करतो, कारण आधी त्यानं तिला खुर्चीतून उचलताना, मिठीत घेऊन एकेक पाऊल टाकताना आपण पाहिलेलं असतं.

तक्रार आहे ती शेवटाबद्दल. सांगावाच लागेल, माफ करा. जॉर्ज उशी दाबून आनला मारतो. दिग्दर्शकानं हे हळवं केलेलं नाही, मान्य. पण इथे गोष्ट मिटते. शिवाय या घरात प्रशस्त फ्लॅट आहे, नर्सला द्यायला पैसे आहेत. बहुतेक जोडप्यांकडे तेही नसतं, आणि त्यांची गोष्ट अशी मिटतही नाही. उद्या सकाळी परत चादर बदलायची असते, परत पाण्याचा पेला पुढे करायचा असतो. त्या सकाळीबद्दल हानेके गप्प आहेत.