मातीचा ट्रॅक आणि गायब झालेले हात

'कार्स ३' मी पहिल्यांदा पाहिला तो फोनवर, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये. पिक्सारच्या या २०१७च्या सिनेमात हरत चाललेला मॅक्वीन आपल्या दिवंगत गुरूच्या गुरूला शोधत थॉमसव्हिलला पोचतो. तिथं मातीचा जुना ट्रॅक आहे आणि एकेकाळी तो गाजवलेल्या म्हाताऱ्या गाड्या आहेत. तो धुरळा पाहून मला निमगाव खंडोबाचा घाट आठवला. सिनेमाला मातीची ओढ आहे आणि ती खोटी वाटत नाही.

पण त्या म्हाताऱ्यांत रिव्हर स्कॉट नावाची एक गाडी आहे. ती बेतलीय वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय ड्रायव्हरवर. १ डिसेंबर १९६३ला जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर तो पहिला आला, पण विजेता म्हणून पुकारलं गेलं बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरचं नाव. चूक मान्य झाली तोवर सोहळा आटोपला होता. १९९०मध्ये स्कॉट वारला. ट्रॉफी घरच्यांच्या हातात पडली २०२१मध्ये. सिनेमा हा सगळा इतिहास दोन-चार वाक्यांत उरकतो.

मुलांचा सिनेमा म्हणून तेही सोडून देऊ. मला खटकतं ते वेगळंच. स्कॉट स्वतःच आपला मेकॅनिक होता. जुनी गाडी, वापरलेले पार्ट आणि मदतीला पोरं. इथं गाडी हेच माणूस, त्यामुळे ग्रीसनं माखलेले त्याचे हातच गायब झालेत.

माझ्या वडिलांनी भोसरीतल्या एका प्रेसशॉपमध्ये गाड्यांचे पत्रे दाबण्यात आयुष्य काढलं. भाच्यासोबत हा सिनेमा बघताना त्यांनी विचारलं, "ह्या बनवतं कोण रे?" भाचा म्हणाला, "आबा, त्या असतातच."

हसू आलं, पण घाटात तरी आपण काय करतो? २०१४च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. तेव्हा सगळीकडे एकच शब्द होता, 'परंपरा'. आमच्या घाटात चार बैल, पुढं घोडी आणि गाड्यावर कुणीच नाही. भोंग्यावरून पुकारलं जातं ते मालकाचं नाव. बैल वर्षभर सांभाळणारा, ते जुंपणारा, सुटेपर्यंत जिवावर उदार होऊन धरून ठेवणारा गडी कुणाच्या रीलमध्ये नसतो. बैलाला तर बोलताही येत नाही. आणि बक्षीस काय, तर मोटारसायकल!

'कार्स ३' जरूर बघा. आठवण जपणं म्हणजे नुसता धुरळा जपणं नव्हे, हे तो न सांगताही कळतं, कारण नेमकी तीच चूक तो करतो. आपल्या पट्ट्यात तरी गाड्या 'असतातच' असं म्हणायची सोय नाही.