'ईआर'मधील एक बाळंतपण : वैद्यकीय सत्य आणि नाट्य

रुग्णालयावरील मालिकांत डॉक्टर सहसा हरत नाही. एन.बी.सी. या अमेरिकन वाहिनीवरील मायकेल क्रायटन निर्मित 'ईआर' ही मालिका (१९९४ ते २००९, ३३१ भाग) बऱ्याच अंशी याच वाटेने गेली. म्हणून ९ मार्च १९९५ रोजी प्रक्षेपित झालेला 'लव्ह्ज लेबर लॉस्ट' हा भाग वेगळा काढून पाहणे अगत्याचे ठरते. त्याचे लेखक लान्स जेंटील हे स्वतः तातडीच्या विभागात काम केलेले डॉक्टर होते.

एक गर्भवती स्त्री वारंवार लघवीला होते म्हणून येते. डॉ. मार्क ग्रीन मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग समजून तिला घरी पाठवतात. थोड्याच वेळात तिला झटके येतात. वाढलेला रक्तदाब व लघवीतील प्रथिने ही प्रीएक्लॅम्प्सियाची लक्षणे. ती निसटलेली असतात. मॅग्नेशियम सल्फेट देऊन झटके आवरतात, कळा सुरू केल्या जातात. पुढे बाळाचे डोके बाहेर येते आणि खांदा अडकतो. डोके परत आत ढकलून तिथेच सिझेरियन करावे लागते. वार सुटलेली असते, रक्त थांबत नाही. बाळ वाचते, आई जाते.

एका चुकीने कोणी मरत नाही. प्रत्येक पायरी पुढची पायरी अवघड करते. हे दाखवण्यात या भागाचे खरे बळ आहे. (खांदा अडकणार हे आधी खात्रीने सांगता येत नाही, मालिकेत मात्र बाळाच्या वजनाचा अंदाज चुकल्याचे खापर ग्रीनवर जरा जास्तच फुटते.) प्रसूतितज्ज्ञांना उशिरा आणून सारा भार एकाच डॉक्टरवर टाकणे ही मात्र उघड नाट्यसोय होय.

१९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'ईआर'सह तीन कार्यक्रमांच्या ९७ भागांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचे ६० प्रसंग आढळले. ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचले आणि ६७ टक्के पुढेही जगल्याचे दिसले. प्रत्यक्षात हे प्रमाण पुष्कळच कमी असते. इथे ग्रीन बराच वेळ छाती दाबत राहतात, सहकारी गप्प होतात, तरी ती स्त्री परत येत नाही. मालिकाही हा मृत्यू विसरत नाही. पुढे तिचा पती दावा दाखल करतो.