35 एचपी म्हणजे नक्की किती?

माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये एक वाक्य होतं: 'जव्हार-मोखाडा परिसरात जुन्या ट्रॅक्टरांच्या इंजिनात स्थानिक पातळीवर बदल करून त्यांची शक्ती वाढवली जाते.' गाइडनी 'शक्ती' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात लिहिलं, 'कुठे मोजली? कशाशी तुलना?' तेव्हा राग आला होता. आता तेच वाक्य मी तुमच्यासमोर सोलून काढणार आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण आपल्याच गावातला विषय घेऊन पीएचडीला येणार. गावचा विषय असला की आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो.

ट्रॅक्टर माझ्या मामाचा. इंटरनॅशनल बी-275, नाशिककडून सेकंडहँड आणलेला. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर 1963 मध्ये भागीदारी केली आणि कांदिवलीच्या कारखान्यात हे मॉडेल बनायला लागलं. चार सिलिंडर, 35 एचपी. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर परवडणारी घरं थोडी. त्यामुळे पन्नाशीकडे झुकलेली अशी यंत्रं मिस्त्रीच्या हातून पुन्हा उभी राहतात, लाल रंग चढतो, हॉर्न बदलतो. आणि मग मालकाला वाटतं, जरा जोर वाढवूया.

जोर वाढवायचा म्हणजे बहुतेक वेळा डिझेल पंपाचा स्क्रू फिरवायचा. दर स्ट्रोकला जास्त डिझेल आत जातं. हवा मात्र तेवढीच, कारण टर्बो नाही आणि सिलिंडरचा आकार बदललेला नाही. थोडीफार शक्ती खरंच वाढते. त्यापुढचं डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो, एक्झॉस्ट तापतो आणि पिस्टन, हेड, गास्केट यांचं आयुष्य कमी होतं. मामाचा ट्रॅक्टर गॅरेजमधून आला तेव्हा तो म्हणाला, "अगं, जोर बघ की! धूर बघ!" मी जोर आणि धूर दोन्ही वहीत लिहून घेतले. एकाच ओळीत.

पण मिस्त्रीने त्याच आठवड्यात लायनर-पिस्टन बदलले होते, नोझल नवे टाकले होते, एअर फिल्टर साफ केला होता. मग जोर कशाने वाढला? झिजलेलं इंजिन कॉम्प्रेशन गमावतं. 35 चा ट्रॅक्टर कदाचित कितीतरी कमीवर चालला होता आणि दुरुस्तीनंतर तो फक्त मूळ जागेवर आला. स्क्रूचा वाटा किती, हे 'आधी' आणि 'नंतर' एवढ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय चौथीला दिलं, हा दोष ट्रॅक्टरपुरताच नाही. खतांच्या, बियाण्यांच्या, शिकवण्याच्या पद्धतींच्या अभ्यासातही तुम्हाला तो भेटेल.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हाच प्रश्न कायद्यापर्यंत गेला. नेब्रास्काचा शेतकरी-आमदार विल्मोट क्रोझियर याने 'फोर्ड' नावाचा एक ट्रॅक्टर घेतला होता (हेन्री फोर्डशी त्या कंपनीचा संबंध नव्हता), आणि तो जाहिरातीइतकं काम करेना. 1919 मध्ये तिथे कायदा झाला: राज्यात ट्रॅक्टर विकायचा तर आधी विद्यापीठाकडून चाचणी. 1920 पासून चाचण्या सुरू झाल्या. पट्ट्यावर किती शक्ती आणि ओढताना किती, हे वेगवेगळं मोजलं जाई. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनीची संस्था हे काम करते.

हे दोन आकडे वेगळे का, ते मामाच्या खाचरात बघू. समजा ट्रॅक्टर 1,800 किलोचा आहे आणि मागच्या चाकांवर 1,170 किलो येतात. ओल्या जमिनीत पकड त्या वजनाच्या 0.4 पट धरली तर ओढ साधारण 468 किलो. ताशी 4 किमी वेगाने एवढी ओढ म्हणजे सुमारे 7 एचपी. पुढे इंजिन 35 चं असो की 40 चं, नांगराला मिळणारे 7 च. उरलेला जोर चाक घसरवतो. (रोलिंगचा विरोध आणि ओढताना मागे सरकणारं वजन मी सोडून दिलंय. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा हलत नाही.)

म्हणून मामाची फुशारकी खोटी असं मी लिहिलं, आणि तिथे मीही चुकले. चिखलणीला तो रोटाव्हेटर लावतो, आणि त्याला शक्ती पीटीओतून मिळते, चाकांच्या पकडीतून नाही. तिथे जास्तीचे एचपी कामाला येतात. घाटात तर जास्तच. ट्रॉलीसकट 4 टन वजन 1:10 चढावर ताशी 15 किमीने न्यायचं तर केवळ चढावासाठी 22 एचपी लागतात. विक्रमगडहून जव्हारला ट्रॉली आणताना मामाला फरक जाणवला, तो खराच होता.

पण चढून गेलेली ट्रॉली उतरतेही. चढ सोपा झाला तसा मामा दगड जास्त भरायला लागला. ब्रेक जुनेच, ट्रॉलीला ब्रेकच नाहीत. एका उतारावर ट्रॉलीने ट्रॅक्टरला ढकललं. त्याने प्रसंग ओळखून डोंगराकडच्या चरात घातला म्हणून पुढचा अ‍ॅक्सल वाकण्यावर निभावलं. माझ्या प्रपोजलमध्ये ब्रेक हा शब्द कुठेच नव्हता. मी जे मोजायला निघाले होते ते मालकाने अभिमानाने दाखवलेलं होतं. धोका कुणी दाखवत नाही, म्हणून तो माझ्या प्रश्नावलीत आला नाही.

सरकारी आकड्याबद्दलही माझी हीच तक्रार आहे. आपल्याकडे शेतीतली शक्ती दर हेक्टरी किलोवॅटमध्ये मोजतात: 1960-61 मध्ये 0.28, 2016-17 मध्ये 2.02, आणि 2030 पर्यंत 4 चं लक्ष्य. देशाचा कल समजायला हा निर्देशांक उपयोगी आहे, मी तो टाकाऊ म्हणत नाही. पण यात माणसं, बैल, ट्रॅक्टर, मोटारी सगळं एकत्र येतं. मोखाड्यात नागली-वरई वरकस उतारावर होते, तिथे ट्रॅक्टर जातच नाही. खाली खाचरात उभा असलेला बी-275 वरच्या उतारावरच्या बाईच्या हातातली खुरपी हलकी करत नाही. सरासरी मात्र दोघांनाही वाटून दिली जाते. 'शक्तीची उपलब्धता' हे शब्द प्रबंधात वापरणार असाल, तर कुणाला, कुठल्या जमिनीवर, कुठल्या कामाला, हे शेजारीच लिहा.

मग मोजायचं कसं? डायनॅमोमीटर मिळाला तर उत्तमच, पण सुरुवात खडूने होते. मागच्या टायरला खूण करा. औजार वर उचलून चाकाच्या 10 फेऱ्यांत किती अंतर कापलं ते टेपने मोजा, मग औजार जमिनीत घालून पुन्हा. पहिल्यांदा 40 मीटर आणि दुसऱ्यांदा 32 भरले तर घसर 20 टक्के. टाकी काठोकाठ भरा, ठरावीक क्षेत्र नांगरा, परत काठोकाठ भरताना लागलेलं डिझेल मोजा. आणि स्क्रू जुन्या जागी नेऊन त्याच दिवशी, त्याच खाचराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात हेच सगळं पुन्हा करा. मिस्त्री कुरकुर करेल. त्याच्या चहाचे पैसे बजेटमध्ये धरा.

मामाला स्क्रू मागे घेण्याविषयी विचारलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "एका दिवसासाठी चालेल. पण आवाज कमी झाला तर मला आवडायचं नाही." आवाजाचा रकाना मी प्रश्नावलीत नव्याने घातलाय. ब्रेकचा त्याच्या वर आहे.