नकाराची भाषा : मराठी पोर्टलवरील चूक-संदेशांची चिकित्सा

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा कायदा नागरिकाच्या अर्जाला प्रतिष्ठा देतो. अर्ज मिळाल्याची पोच द्यावी, तीवर क्रमांक, दिनांक व सेवेची मुदत नोंदवावी, अर्ज फेटाळायचा झाल्यास कारण लेखी नमूद करावे आणि अपील कोणाकडे करता येईल तेही कळवावे, अशी बंधने त्याने पदनिर्देशित अधिकाऱ्यावर घातली आहेत. कारण न सांगता नकार देण्याची मुभा येथे कोणालाही नाही. तथापि तोच अर्ज ऑनलाइन भरला जातो तेव्हा पहिला नकार अधिकारी देतच नाही. तो पडद्यावर उमटणारी लाल अक्षरांतील एक ओळ देते. "अवैध नोंद." "काहीतरी चूक झाली. कृपया पुन्हा प्रयत्न करा." अर्ज दाखलच न झाल्यामुळे त्याला क्रमांक मिळत नाही, क्रमांकाअभावी मुदत सुरू होत नाही आणि जो अर्ज अस्तित्वातच आला नाही त्याच्या नकाराविरुद्ध अपीलही संभवत नाही. चूक-संदेशाकडे सजावटीची वा सौजन्याची बाब म्हणून पाहणे त्यामुळे अपुरे ठरते. तो कारण न देता दिलेला नकार आहे आणि त्याच अंगाने त्याची चिकित्सा व्हावयास हवी.

संगणकशास्त्रात या प्रश्नाची जाणीव जुनी आहे. बेन श्नायडरमन यांनी १९८२ मध्येच संगणकाच्या संदेशांतील दटावणीच्या सुरावर बोट ठेवले होते. 'बेकायदेशीर', 'घातक' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द नवख्या वापरकर्त्याला भेदरवतात, असा त्यांचा आक्षेप होता. जेकब नील्सन यांच्या १९९४ च्या प्रसिद्ध दहा तत्त्वांपैकी नववे तत्त्व याच विषयाचे आहे : संदेश साध्या भाषेत असावा, दोष नेमका दाखवावा आणि उपाय सुचवावा. ही तत्त्वे आपल्याकडील संगणकशास्त्राच्या वर्गांतही शिकविली जातात. मात्र साधी भाषा म्हणजे कोणती भाषा, हा प्रश्न मराठी पडद्यापुरता अनुत्तरितच राहिला आहे.

'अवैध' हा शब्द पाहावा. इंग्रजी 'इनव्हॅलिड'साठी तो सर्रास योजला जातो. परंतु मराठी वाचकाने हा शब्द वाचलेला असतो तो अवैध दारू, अवैध वाळूउपसा, अवैध बांधकाम अशा बातम्यांत. 'अवैध मोबाइल क्रमांक' या शब्दांतून त्याला आपला एक आकडा राहून गेला असे कळत नाही. आपल्या हातून काही गैर घडले, असे वाटते. श्नायडरमन यांनी इंग्रजीत ज्यावर आक्षेप घेतला तोच आरोपाचा सूर भाषांतराच्या वाटेने मराठीत आला आहे. 'मोबाइल क्रमांकात १० आकडे हवेत, ९ भरले आहेत' हे वाक्य लांब असले तरी त्यात आरोप नाही आणि उपायही आला आहे.

'त्रुटी'ची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मराठी कार्यालयीन व्यवहारात या शब्दाला निश्चित अर्थ आहे : प्रस्तावातील उणीव, जी अर्जदाराने पूर्ण करावयाची असते. 'त्रुटीपूर्तता' हा शब्द महाविद्यालयातील प्रत्येक लिपिकाच्या तोंडी आहे. आता सर्व्हर बंद पडल्यावर पडद्यावर 'त्रुटी ५००' असे उमटले, तर अर्जदार कोणती उणीव शोधणार? या संकेतक्रमांकाचा अर्थ दोष सर्व्हरकडील आहे असा आहे. हिंदीतून अथवा कोशातून उचललेला शब्द येथे यंत्रणेचा दोष अर्जदाराच्या पदरी घालतो. 'आपले सत्र समाप्त झाले आहे' हे वाक्य तर विद्यार्थ्याने वाचावे यात एक विनोदच आहे. सत्र म्हणजे त्याच्या लेखी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, आणि तो तर नुकताच सुरू झालेला असतो.

याचा दोष केवळ भाषांतरकारावर टाकणे अन्यायाचे होईल. पारिभाषिक शब्दांची निर्मिती महाराष्ट्राला नवी नाही. शिवकालातील राज्यव्यवहारकोशापासून १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या कोशांपर्यंत ती परंपरा चालत आली आहे, आणि 'पदनाम कोशा'ची 'बदनाम कोश' म्हणून झालेली टिंगलही त्याच परंपरेचा भाग आहे. परंतु कोश नामे पुरवितो. संदेश हे वाक्य असते. प्रणाली तयार करताना इंग्रजी वाक्यांची एक यादी वेगळी काढली जाते व भाषांतरकाराच्या हाती दिली जाते. ते वाक्य कोणत्या चौकटीखाली, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या चुकीमुळे उमटणार हे त्याला दिसत नाही. मराठीत 'चूक झाली' या रचनेत कर्ता सांगावा लागत नाही. भाषेची ही सोय अशा वेळी यंत्रणेच्या पथ्यावर पडते.

शब्दांच्याही खाली लिपीचा थर आहे. युनिकोड या संकेतप्रणालीत 'क', 'म', 'ल' यांची गणना अक्षरांत होते. काना, वेलांटी, उकार व मात्रा यांची गणना मात्र 'चिन्ह' या निराळ्या वर्गात होते. नावाच्या चौकटीत केवळ अक्षरेच स्वीकारावीत असा नियम प्रोग्रामरने घातला, तर 'कमल' हे नाव चालते आणि 'राधा' फेटाळले जाते. 'गोऱ्हे' या आडनावातील अर्धा र जुन्या पद्धतीने टंकित करताना एक अदृश्य जोडचिन्ह मध्ये येते. पडद्यावर उत्तर येते, 'विशेष चिन्हे वापरू नयेत'. ज्याने केवळ आपले नाव लिहिले आहे त्याने कोणते चिन्ह पुसावे? अशा ठिकाणी संदेशाची भाषा सुधारून भागत नाही. नियमच चुकीचा आहे. संदेश चांगला लिहू पाहणाऱ्यास ही गोष्ट प्रथम दिसते, कारण सांगण्यासारखे कारणच हाती लागत नाही.

'नाव जुळत नाही' हा संदेशही याच जातीचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, आधारपत्रावर बहुधा शेवटी. 'ज्ञानेश्वर' रोमन लिपीत कोठे 'डी'ने, कोठे 'जी'ने, तर कोठे 'जे'ने सुरू होतो. कोणत्या दोन कागदांवरील कोणता भाग जुळला नाही हे यंत्रणेला ठाऊक असते; ते सांगितले जात नाही.

मराठवाड्यात याचा परिणाम विशेष जाणवतो. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती आणि मराठी शेतकऱ्याला कचेरीत जाण्यासाठी अर्जनवीस गाठावा लागे. आज छत्रपती संभाजीनगरात महाविद्यालयांच्या आसपास ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकाने आहेत. भाषा मराठी झाली, मध्यस्थ उरलाच. पडद्यावरील संदेश दुकानदार वाचतो आणि जालना वा बीडकडील खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला सांगतो, "साइट घेत नाही, उद्या या." नील्सन यांच्या तत्त्वांत वापरकर्ता आपला पडदा आपणच वाचतो असे गृहीत आहे. येथे संदेश तोंडी, संक्षिप्त होऊन पोहोचतो. म्हणून तो काही क्षणांत विरून जाणारा नसावा. छापता येईल, घरी नेता येईल असा असावा. अंध विद्यार्थ्याच्या बाबतीत तर केवळ लाल रंगाने दाखविलेली चूक म्हणजे न दाखविलेलीच चूक होय. २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनी चूक शब्दांत सांगण्याची अपेक्षा स्पष्ट केलेली आहे.

मोबाइलवरील सूचनांची अडचण काहीशी निराळी. रोमन लिपीत एका लघुसंदेशात १६० वर्ण मावतात, देवनागरीत ७०. त्यातही प्रत्येक काना-मात्रा स्वतंत्र मोजली जाते. मराठी मजकूर त्यामुळे महाग पडतो व इंग्रजीकडे कल राहतो. ७० वर्णांत 'अर्ज परत आला. उत्पन्न दाखला जोडा. मुदत ३१ तारीख.' एवढे सहज बसते. अभिवादन आणि योजनेचे पूर्ण नाव मात्र बसत नाही.

संदिग्धता प्रत्येक वेळी निष्काळजीपणातून येते असे नव्हे. प्रवेश करताना 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे' असे मोघम सांगणे सुरक्षेसाठी योग्यच आहे. नेमकेपणा तेथे चोराच्या उपयोगी पडतो. हा अपवाद खाते उघडण्याच्या दारापुरता आहे, आत शिरलेल्या अर्जदाराला तो लागू करण्याचे कारण नाही.

शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जांची पहिली छाननी महाविद्यालयातच होते. अर्ज परत पाठविताना शेऱ्याच्या चौकटीत जे लिहिले जाते तो संदेश कोणा प्रोग्रामरचा नसतो. तो महाविद्यालयाचा असतो. 'कागदपत्रे अस्पष्ट' एवढाच शेरा मिळालेला विद्यार्थी आठही कागद पुन्हा स्कॅन करून घेण्यासाठी त्याच दुकानात जातो. 'जात प्रमाणपत्रावरील शिक्का दिसत नाही, तेवढेच पुन्हा जोडावे' असे लिहिण्यास कोणत्याही तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागत नाही.