टोमॅटोचे कलम व क्षारसहनशीलता : एका शोधनिबंधाचे परीक्षण

कलमामुळे टोमॅटोची क्षारसहनशीलता वाढते, या विधानाच्या पुष्ट्यर्थ एस्तान व सहकाऱ्यांचा २००५ सालचा ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बॉटनी’मधील शोधनिबंध महत्त्वाचा ठरतो. ‘जॅग्वार’ या संकरित वाणाचे ‘राद्जा’, ‘पेरा’ आदी खुंटांवर कलम करून हरितगृहात ०, २५, ५० व ७५ मिलिमोल मिठाच्या पातळ्यांवर ही रोपे वाढविण्यात आली. जॅग्वारचे त्याच्या स्वतःच्याच मुळांवरही कलम केले गेले. त्यामुळे निव्वळ कापण्या-जोडण्याचा परिणाम वेगळा काढता आला. ही दक्षता हेच या निबंधाचे खरे बळ होय.

५० व ७५ मिलिमोलला उत्तम खुंटांवर उत्पन्न सुमारे ८० टक्क्यांनी वाढले. आकडा मोहक आहे खरा. परंतु ही तुलना त्याच मिठात वाढलेल्या बिगरकलमी जॅग्वारशी आहे. मिठाने उत्पन्न शंभरावरून चाळीसवर आले असे मानल्यास ही वाढ ते बहात्तरवर नेते, शंभरावर नव्हे.

खुंट सोडियम व क्लोराइड यांचे शेंड्याकडील वहन मर्यादित करतो, ही कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. तथापि कृष्णाकाठच्या कालव्याखालील काळ्या जमिनींत प्रश्न केवळ आयनांचा नाही. चोपण जमिनीत सोडियममुळे चिकणमातीचे कण विलग होतात, निचरा खुंटतो, मुळांना हवा मिळत नाही. आयन अडविणारा खुंट तेथे गुदमरल्यास काय, हे हरितगृहातील मिठाचे द्रावण सांगू शकत नाही. हा दोष निबंधाचा नव्हे. खारवट आणि चोपण यांत भेद न करता त्याचा आधार घेणाऱ्यांचा आहे. येथे खुंटांची पारख चोपण रानातच, निचऱ्याच्या चरांसह व चरांविना, व्हावयास हवी.