'कन्यादान' : पुरोगामी घरातील दानाची परंपरा

विवाहातील निवडस्वातंत्र्य आणि कुटुंबाची परंपरा यांचा संघर्ष हा मराठी नाटकाचा जुना विषय आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा' (१८९९) मध्ये कांचनभट पैशाच्या लोभाने मुलगी जरठ भुजंगनाथाला देण्यास सिद्ध होतो. तेथे परंपरा कोणत्या बाजूला उभी आहे याविषयी प्रेक्षकाच्या मनात संदेह राहत नाही. विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान' (१९८३) या नाटकाने नेमकी हीच सोय काढून घेतली. येथे वडील विरोध करीत नाहीत, उलट तेच लग्नाचा पुरस्कार करतात.

नाथ देवळालीकर हे समाजवादी विचारांचे आमदार. त्यांची कन्या ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी विवाह करण्याचा निर्णय सांगते, तेव्हा जातिअंताचा प्रयोग आपल्याच घरात घडणार या कल्पनेने नाथ हरखून जातात. पत्नी सेवा मात्र राहणार कोठे, मिळकत काय, ओळख किती दिवसांची, असे प्रश्न विचारते. हे प्रश्न कोणतीही आई कोणत्याही जावयाबाबत विचारील. परंतु या घरात ते उच्चारताच प्रतिगामी ठरतात. त्यांना अरुण हातभट्टीचा धंदा करण्याची भाषा करून उत्तर देतो. त्या उत्तरात मध्यमवर्गीय चौकशीविषयीची चीड आहे आणि ती समजण्यासारखीही आहे. नाथ मात्र ना पत्नीची शंका ऐकतात, ना अरुणची चीड. त्यांना दिसते ते केवळ तत्त्व.

नाटकाचे शीर्षक येथे अर्थपूर्ण ठरते. दानविधीत दात्याचा वस्तूवरील अधिकार संपतो आणि दिलेली वस्तू परत घेता येत नाही. कांचनभट मुलगी विकतो, नाथ ती विचाराला अर्पण करतात. हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, क्रियेत फारसे नाही. ज्योतीने वर स्वतः निवडला हे खरे. तथापि माणसाकडे पाठ फिरवू नये, तो बदलू शकतो, हा संस्कार तिला वडिलांनीच दिला होता. म्हणून मारहाण सोसल्यानंतर ती माहेरी परतण्यास नकार देते तेव्हा तो नकार 'दिल्या घरी' राहणाऱ्या परंपरागत लेकीचा आहे की संस्कार अखेरपर्यंत पाळणाऱ्या आधुनिक स्त्रीचा, हे सांगणे कठीण होते. नाटकाचे सामर्थ्य या अनिश्चिततेत आहे.

मर्यादाही तेथूनच सुरू होते. अरुणचे घर रंगमंचावर कधीच येत नाही. त्याचे आईवडील, त्याची वस्ती, या लग्नाविषयी तिकडे काय बोलले गेले, याला नाटकात आवाज नाही. आंतरजातीय विवाहात दोन कुटुंबे ढवळून निघतात. येथे एकाच कुटुंबाची व्यथा साकार होते आणि दुसरे कुटुंब अरुणच्या बोलण्यापुरते उरते. पत्नीला मारणारा पुरुष सर्व जातींत आढळत असता त्याची हिंसा त्याच्या जातीच्या भूतकाळाशी जोडली जाते, हा दलित समीक्षकांचा आक्षेप म्हणूनच गंभीरपणे घ्यावा लागतो. या नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला, म्हणून तो आक्षेप निकालात निघत नाही. तेंडुलकरांचा रोख नाथांच्या भाबडेपणावर होता असे म्हटले, तरी तो भाबडेपणा उघडा पाडण्याची किंमत अरुणच्या व्यक्तिरेखेने मोजली आहे.

सेवेच्या व्यक्तिरेखेकडे मात्र समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. अरुणच्या आत्मकथनावरील समारंभास जाण्यास नाथ नकार देतात, तेव्हा त्यांचे मन वळवते ती सेवाच, कारण सासऱ्याच्या नकाराचा राग जावई गरोदर लेकीवर काढील, ही भीती. लग्नापूर्वी ज्या स्त्रीने रोखठोक प्रश्न विचारले, तीच आता जावयाची मर्जी सांभाळू लागते. नाथ जातात, पुस्तकाची स्तुती करतात. आणि ते भाषण खोटे आहे हे ओळखून वडिलांना जाब विचारायला जी येते, ती ज्योतीच.